घरातील वस्तू आणि खाद्यपदार्थ यांतून वीज कितपत वाहते, आणि ती मुलांच्या हाती कितपत सुरक्षित?

प्रश्न : शिबिरवाल्या बाई, सुदामा नगर, इंदूर

नमस्कार. उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या वसाहतीतील मराठी मुलांसाठी विज्ञानाचे छोटे शिबिर घेण्याचे ठरले आहे. मुले साधारण चौथी ते आठवीतील आहेत. त्यातील एका सत्रात ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एक लाल एलईडी आणि दोन मोकळ्या टोकांच्या तारा मुलांना द्यायच्या, आणि घरून आणलेल्या कोणकोणत्या वस्तूंतून वीज जाते हे त्यांनीच शोधायचे, अशी योजना आहे. चमचा, नाणे, पेन्सिलचे शिसे, कढई, लिंबू, कैरी, बटाटा, जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला), जिलेबी, मिठाचे पाणी, नळाचे पाणी आणि आरओचे पाणी एवढे तरी मुले आणतीलच.

पालकांच्या बैठकीत मात्र यावर बरीच चर्चा झाली. एका पालकांचे म्हणणे असे की, ज्या वस्तूने एलईडी लागत नाही ती सुरक्षित, असे मुलांच्या मनात बसेल आणि मग तीच वस्तू ती घरच्या सॉकेटजवळ नेतील. दुसऱ्यांनी सुचवले की, बॅटऱ्यांचा खर्च वाचवण्यासाठी जुने मोबाइल चार्जर कापून वापरावेत. तिसऱ्यांची शंका अशी की, प्रयोगात वापरलेले लिंबू नंतर सरबतासाठी चालेल का, कारण मुले ते पिळून पिणारच. याखेरीज एका मुलाने कुठल्याशा चित्रफितीत पाहिलेला, लोणच्याची काकडी विजेवर पिवळी उजळवण्याचा प्रयोग करून दाखवण्याचा हट्ट धरला आहे.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. मी स्वतः भाषेची शिक्षिका आहे, त्यामुळे उत्तर सविस्तर असले तरी चालेल, परंतु सूत्रांपेक्षा कारणे सांगितलीत तर मुलांना समजावणे मला सोपे जाईल.

उत्तर : निवृत्त अध्यापक, तंत्रनिकेतन

बाई, ज्या पालकांनी पहिली शंका काढली त्यांचे आभार माना, कारण या सत्रात शिकवण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यांच्याच शंकेत आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत वस्तूंचे सुवाहक आणि दुर्वाहक असे दोन भाग केलेले असतात आणि परीक्षेपुरते ते ठीकही असते, परंतु ‘सुरक्षित’ हा गुण कोणत्याही वस्तूच्या अंगी नसतो. वस्तूच्या अंगी असतो तो रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, जो ओहममध्ये मोजतात. धोका ठरतो तो त्या रोधावर किती व्होल्टचा दाब पडला आणि त्यातून निघालेला प्रवाह कोणाच्या शरीरातून, किती वेळ गेला यावर.

आकडेच पाहू. घरातील पुरवठा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा असतो. ओल्या हाताचा माणूस एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत ढोबळ मानाने १००० ओहम रोध देतो, म्हणजे त्याच्यातून ०.२३ अँपिअर, अर्थात २३० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो. सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाह जाणवतो, १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडून हातातील तार सोडवत नाही, आणि ३० मिलिअँपिअरच्या पुढचा प्रवाह काही क्षण छातीतून गेला तर हृदयाचे ठोके बिघडण्याची भीती असते. आता त्याच माणसाने ९ व्होल्टच्या बॅटरीची टोके कोरड्या हातांनी धरली, तर त्याच्या त्वचेचा रोध हजारो, कित्येकदा लाखभर ओहम असल्यामुळे जाणारा प्रवाह इतका अल्प असतो की त्याला काहीही जाणवत नाही. माणूस तोच, परंतु व्होल्टचा दाब आणि त्वचेचा ओलावा बदलला की पहिल्या प्रसंगी जीव जाऊ शकतो आणि दुसऱ्या प्रसंगी कंटाळा येतो.

याहून कपटी मुद्दा दिव्याचा आहे. जुन्या पद्धतीचा टॉर्चचा बल्ब उजळण्यास २०० ते ३०० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. समजा, एका ओल्या लाकडी पट्टीचा रोध ५००० ओहम आहे. दोन सेलच्या ३ व्होल्टवर तिच्यातून अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह जाईल आणि टॉर्चचा बल्ब मुळीच लागणार नाही, म्हणून मुले तिची नोंद दुर्वाहक अशी करतील. हीच पट्टी २३० व्होल्टच्या तारेला टेकली आणि दुसरे टोक ओल्या हातात असले, तर हाताचे १००० ओहम धरूनही ३८ मिलिअँपिअर प्रवाह जाईल. म्हणजे बल्ब जिला ‘वीज जात नाही’ म्हणतो ती वस्तू माणसाला मारू शकते. एनसीईआरटीच्या आठवीच्या जुन्या विज्ञान पुस्तकात लिंबाच्या रसासाठी बल्बऐवजी एलईडी, आणि काड्यापेटीच्या खोक्यात ठेवलेल्या होकायंत्राभोवती गुंडाळलेली तार वापरायला सांगितले होते, ते याचसाठी की बल्ब हा अतिशय बथ्थड साक्षीदार आहे. तुम्ही एलईडी निवडलात हे उत्तम केलेत. अंधाऱ्या खोलीत आजकालचे एलईडी एक दशांश मिलिअँपिअरवरही मंद दिसतात. तेव्हा फळ्यावर ‘वीज जाते’ आणि ‘जात नाही’ असे दोन रकाने न आखता ‘लख्ख’, ‘मंद’ आणि ‘या दिव्याला कळले नाही’ असे तीन आखावेत, ही माझी आग्रहाची सूचना आहे.

आता जोडणीकडे वळू. एलईडीच्या ओळीत ४७० ओहमचा रेझिस्टर (प्रवाहाला आवर घालणारा छोटा सुटा भाग) हवाच. तो असला की दोन्ही टोके एकमेकांस चिकटली तरी लाल एलईडीतून साधारण १५ मिलिअँपिअर प्रवाह जाईल, आणि एलईडी किंवा बॅटरी दोहोंनाही अपाय होणार नाही. रेझिस्टरशिवाय चमचा तपासू नये. स्टेनलेस स्टीलची रोधकता तांब्याच्या सुमारे ४० पट असली, तरी संबंध चमच्याचा रोध ओहमच्या शंभराव्या भागाहूनही कमी भरतो, म्हणजे रेझिस्टर आणि एलईडी वगळून चमचा थेट बॅटरीवर ठेवणे हे सरळसरळ शॉर्ट सर्किट होय. भांडी घासण्याची बारीक लोखंडी लोकर ९ व्होल्टच्या बॅटरीच्या दोन्ही टोकांना एकदम टेकली तर ती पेट घेते, तेव्हा ती वस्तू यादीत येऊच देऊ नका आणि बॅटऱ्या किल्ल्यांच्या किंवा नाण्यांच्या डब्यात सुट्या टाकू नका. बटणाएवढ्या लिथियम बॅटऱ्या तर खोलीतही नसाव्यात, कारण लहान भावंडे त्या गिळतात आणि अन्ननलिकेस गंभीर जखम होते.

धातूंच्या बाबतीत मुलांची गंमत होईल ती कढईत. हार्ड अ‍ॅनोडाइज्ड कढईचा काळा पृष्ठभाग अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा असतो आणि तो वीज अडवतो, त्यामुळे दोन्ही तारा त्यावर टेकल्या तरी एलईडी लागत नाही. मात्र काठावरचा थर घासला जाऊन खालचे अ‍ॅल्युमिनियम उघडे पडले असेल तेथे तो लख्ख लागतो. नॉनस्टिक तवा आणि लाखेचा थर दिलेला शोभेचा तांब्या यांचेही तसेच. कोणाकडे जुनी महेश्वरी साडी असेल तर तिचा काठ तपासून पाहावा : खऱ्या किंवा तांब्याच्या जरीत धागाभोवती धातूची चपटी तार गुंडाळलेली असते म्हणून दिवा लागतो, तर प्लास्टिकच्या चकाकत्या जरीवर बाहेरून पारदर्शक थर असल्याने बहुधा लागत नाही. पेन्सिलचे शिसे हे ग्राफाइट आणि माती यांचे मिश्रण असते. ६बी सारख्या मऊ, काळ्या पेन्सिलीत ग्राफाइट अधिक, म्हणून तिच्यावर एलईडी जास्त उजळतो.

वस्तूंची अशी विभागणी प्रथम पद्धतशीरपणे केली ती इंग्लंडच्या स्टीफन ग्रे याने, १७२९ साली. दोऱ्यातून दूरवर ‘विजेचा गुण’ नेताना आधाराला रेशमी धागा बांधला तर तो टिकतो आणि धातूची तार बांधली तर निसटून जातो, हे त्याच्या ध्यानात आले. त्याच्याही जवळ घरगुती वस्तूंपलीकडे फारसे काही नव्हते, हे मुलांना जरूर सांगा.

उत्तर : स्वयंपाकघरातील रसायन

सरांनी धातूंचे सांगितले, तेव्हा मी खाद्यपदार्थांचे लिहिते, कारण तेथे वीज वाहून नेणारे घटक निराळे असतात. धातूंत आणि ग्राफाइटमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन वाहतात. अन्नातून वीज जाते ती पाण्यात विरघळलेल्या आयनांमुळे, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांमुळे. म्हणून एकच कसोटी लक्षात ठेवावी : पदार्थात पाणी आहे का, आणि त्या पाण्यात मीठ, आम्ल किंवा क्षार आहेत का? दोन्हींपैकी एक जरी नसले तरी एलईडी सहसा अंधारातच राहील.

याची सर्वांत सुंदर परीक्षा आपल्या जिरावणावर होते. डब्यातील कोरड्या जिरावणात मीठ आणि काळे मीठ भरपूर असूनही एलईडी लागत नाही, कारण कोरड्या मिठाच्या स्फटिकात आयन जागच्या जागी जखडलेले असतात. त्यावर चमचाभर पाणी शिंपडले की दिवा उजळतो. याउलट जिलेबीत पाक पुष्कळ असतो, परंतु साखर पाण्यात विरघळून आयन देत नाही, म्हणून ताज्या पाकाळ जिलेबीतही एलईडी फार तर मंदपणे लुकलुकेल, आणि तोही नळाच्या पाण्यातील क्षारांमुळे व आंबवलेल्या पिठातील आम्लामुळे. तेल आणि तूप तर पूर्ण असहकार करतात. शेव कोरडी आणि तेलकट दोन्ही असल्याने तीही त्याच पंगतीतली. काजूकतलीवरील चांदीचा वर्ख मात्र मुलांना थक्क करील, कारण त्याची जाडी एक मायक्रोमीटरहूनही कमी असली तरी तो अखंड असेल तेथे लख्ख वीज नेतो. मायक्रोवेव्हमध्ये वर्खाची मिठाई ठेवली की ठिणग्या उडतात त्याचे मूळ यातच आहे.

लिंबू, कैरी आणि चिंचेचा कोळ यांत आम्ले असतात, बटाट्याच्या पेशींत पोटॅशियमचे क्षार असतात, म्हणून या सर्वांवर दिवा लागेल. बटाट्याबद्दल एक गोष्ट आवर्जून करून पाहा : कच्चा आणि उकडलेला असे दोन्ही ठेवा. उकडल्याने पेशींची आवरणे फुटतात आणि आतला रोध पुष्कळ कमी होतो. २०१० साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील संशोधकांनी याच गुणाचा उपयोग करून उकडलेल्या बटाट्याच्या विद्युतघटातून कच्च्याच्या सुमारे दहापट शक्ती मिळवून दाखवली होती. कणकेचेही असेच आहे. मीठ घालून मळलेल्या कणकेच्या गोळ्यात एलईडीचे पाय थेट खोचता येतात, आणि साखर घालून शुद्ध पाण्यात मळलेल्या गोळ्याची त्यांमध्ये भिंत घातली तर बहुतेक प्रवाह अडतो. चौथीच्या मुलांना तारांपेक्षा हा खेळ अधिक आवडेल, असे मला वाटते.

पाण्याचा प्रश्न स्वतंत्र आहे. आरओ बसवणारा माणूस पाण्यात बुडवून जो टीडीएसचा (एकूण विरघळलेल्या पदार्थांचा) आकडा दाखवतो, ते उपकरण प्रत्यक्षात पाण्याची विद्युतवाहकताच मोजते आणि तिला ठरावीक गुणकाने गुणून मिलिग्रॅममध्ये आकडा दाखवते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले पदार्थ स्वीकारार्ह मानले जातात. आपल्याकडे नर्मदेचे पाणी, बोअरिंगचे पाणी आणि आरओचे पाणी अशी तीन भांडी शेजारी ठेवली, आणि तारांची टोके सर्वांत सारख्याच अंतरावर, सारख्याच खोलीवर बुडवली, तर एलईडीच्या उजेडातला फरक मुलांना डोळ्यांनी दिसेल. आरओच्या पाण्यात दिवा जेमतेम दिसेल किंवा दिसणारही नाही. त्यावरून ‘आरओच्या पाण्याने शॉक बसत नाही’ असा निष्कर्ष कोणी काढला तर त्यास सरांचा टॉर्चच्या बल्बविषयीचा परिच्छेद वाचायला द्यावा. अंगावर सांडलेल्या आरओच्या पाण्यात घामाचे मीठ लगेच मिसळते, हेही सांगावे.

आता सरबताचे. ज्या पदार्थात तारा खुपसल्या तो खायचा नाही, हा नियम सत्राच्या आधीच सांगून टाकावा आणि वापरलेल्या फोडींवर शाईची खूण करावी. वीज जात असताना तांब्याच्या तारेवरील तांबे रसात उतरते, आणि तुम्ही पुढे जस्त व तांबे वापरून लिंबाचा विद्युतघट केलात तर त्यात जस्तही विरघळते. मिठाच्या पाण्यात एका तारेपाशी हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि दुसरीपाशी थोडा क्लोरिन सुटू शकतो, ज्याचा वास ब्लीचिंग पावडरसारखा येतो. रेझिस्टर असल्याने हे प्रमाण अगदी थोडे राहील, तरी तारा पाण्यात ठेवून मुलांनी गप्पा मारीत बसू नये, दिवा पाहून झाला की काढून घ्याव्यात आणि खिडक्या उघड्या असाव्यात.

उत्तर : महारानी रोडवाला

नमस्कार ताई. आमचे महारानी रोडवर विजेच्या सामानाचे दुकान आहे आणि वायरिंगची कामेही आम्ही करतो, म्हणून चार्जर आणि कूलर या दोन विषयांवर लिहितो.

चार्जर कापण्याची सूचना कृपया मान्य करू नका. चार्जरच्या तारेवर ५ व्होल्टच असतात हे खरे, परंतु त्याचे दुसरे टोक भिंतीतील २३० व्होल्टला जोडलेले असते आणि मध्ये असते ती फक्त डबीतील बारीक विलगीकरणाची व्यवस्था. चांगल्या बनावटीचा चार्जर तेथे पुरेसे अंतर आणि पक्के आवरण राखतो. फुटपाथवर मिळणाऱ्या नकली चार्जरमध्ये ते अंतर केसाएवढे असलेले मी उघडून पाहिले आहे. ते तुटले की कापलेल्या तारेवर, म्हणजे मुलाच्या हातातील लिंबावर, पुरा दाब येतो. बॅटरीचा भिंतीशी काही संबंधच नसतो, आणि तिची खरी सुरक्षितता तीच आहे. रेझिस्टर लावल्यावर एक बॅटरी एवढ्या कामाला सहज पुरते, तेव्हा बचतीचा मुद्दाही फारसा उरत नाही.

लोणच्याच्या काकडीचा प्रयोग करूच नये. त्यात मिठातील सोडियममुळे पिवळा उजेड पडतो, परंतु त्यासाठी काकडीत खोचलेले दोन उघडे काटे थेट घरच्या पुरवठ्याला जोडलेले असतात. हट्टी मुलाला ती चित्रफीतच पुन्हा दाखवा आणि त्या काट्यांना कोणी हात लावला तर काय होईल ते सरांच्या आकड्यांवरून त्यालाच काढायला लावा.

उन्हाळा आहे म्हणून कूलरचे बोलणे भाग आहे. आपल्या भागात अजून पत्र्याच्या बॉडीचे कूलर पुष्कळ आहेत. पंप पाण्यात बुडालेला असतो, त्याची तार जुनी झालेली असते, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून मुले पाण्याची टाकी भरतात. कूलरला हात लावल्यावर मुंग्या येतात ही तक्रार अनेक घरांत ‘थोडा करंट येतो’ म्हणून हसण्यावारी नेली जाते. ही गोष्ट हसण्याची नाही, कारण आज कोरड्या हाताला आलेल्या मुंग्या उद्या ओल्या हाताला सोडवणार नाहीत. तीन पिनांचा प्लग, खरोखर जमिनीपर्यंत पोहोचलेले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (प्रवाह गळू लागताच पुरवठा तोडणारे उपकरण) या तीन गोष्टी घरात हव्यात. पुष्कळांचा समज असतो की एमसीबी बसवले म्हणजे शॉकपासून संरक्षण झाले. एमसीबी हे तारा तापू नयेत म्हणून असते, ते १६ किंवा ३२ अँपिअरसारख्या प्रवाहाच्या हिशेबाने पडते आणि माणसाला मारणारा प्रवाह त्याच्या खिजगणतीतही नसतो. आरसीसीबी मात्र गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांतील तफावत पाहते. पाणी भरताना प्लगच काढावा, नुसते बटण बंद करू नये, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी (दाब असलेल्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) बसवलेले असण्याची शक्यता असते.

पाटावर उभे राहून दुरुस्ती करण्याची आपली जुनी रीत कोरड्या पाटापुरती योग्यच होती. न्हाणीघरातला ओला पाट आणि झिजलेली, भिजलेली रबरी चप्पल यांच्या भरवशावर कोणी बल्ब बदलायला चढू नये. बादलीत पाणी तापवणाऱ्या रॉडचेही तेच. पाणी कोमट झाले का हे पाहण्यासाठी प्लग काढल्यावरच हात घालावा, मग बादली प्लास्टिकची असो की पितळेची.

प्रतिप्रश्न : शिबिरवाल्या बाई

सर्वांचे मनापासून आभार. चार्जर आणि काकडी या दोन्ही गोष्टी रद्द केल्या असून, फळ्यावर तीन रकाने करण्याचेही ठरले आहे. आरसीसीबीविषयीचा परिच्छेद मी पालकांच्या गटावर आपल्या अनुमतीने पाठवीन. आता एकच शंका आहे. मुलांनी एकमेकांचे हात धरून साखळी करायची आणि माणसांतून वीज जाते हे दिवा लावून पाहायचे, असे केले तर चालेल का? वायरमनकाका टेस्टर लावतात तेव्हा त्यांच्या शरीरातूनही वीज जाते, असे मी ऐकले आहे.

उत्तर : निवृत्त अध्यापक, तंत्रनिकेतन

टेस्टरचे आपण बरोबर ऐकले आहे. त्यात निऑनचा दिवा आणि त्याच्या ओळीत सुमारे दहा लाख ओहमचा रेझिस्टर असतो, त्यामुळे २३० व्होल्ट असूनही शरीरातून जाणारा प्रवाह एक चतुर्थांश मिलिअँपिअरहून कमी राहतो आणि तो जाणवत नाही. तथापि मुलांच्या हाती टेस्टर देऊ नका. आतला रेझिस्टर शाबूत आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही.

साखळी ९ व्होल्टच्या बॅटरीवर खुशाल करा. फक्त साध्या जोडणीत दिवा लागणार नाही, कारण चारपाच मुलांच्या कोरड्या हातांचा रोध मिळून काही लाख ओहम होतो आणि प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये, म्हणजे मिलिअँपिअरच्या हजाराव्या भागांत, उतरतो. त्यासाठी बीसी ५४७ हा स्वस्त ट्रान्झिस्टर (अल्प प्रवाह वाढवणारा, कलेक्टर, बेस आणि एमिटर असे तीन पाय असलेला भाग) घ्या, तो महारानी रोडवर कोठेही मिळेल. एलईडी आणि ४७० ओहमचा रेझिस्टर बॅटरीच्या धन टोकापासून ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला जोडा आणि एमिटर ऋण टोकाला. बेसला १० हजार ओहमचा रेझिस्टर लावून त्याचे मोकळे टोक साखळीतील पहिल्या मुलाच्या हाती द्या, आणि धन टोकाची दुसरी मोकळी तार शेवटच्या मुलाच्या हाती. मुलांतून जाणारे वीसएक मायक्रोअँपिअर ट्रान्झिस्टर शंभराहून अधिक पटीने वाढवतो आणि एलईडी स्पष्ट लागतो. हात सोडले की विझतो. हात किंचित ओले केले की अधिक उजळतो, आणि त्वचेचा रोध ओलाव्याने किती घटतो हे मुलांना कूलरचे नावही न काढता दिसते. कोणाचे आजी-आजोबा पेसमेकर वापरत असतील तर त्यांना साखळीत न घेता नोंदवहीचे काम द्यावे. एवढ्या प्रवाहाने काही होईल म्हणून नव्हे, तर असे उपकरण शरीरात असताना विजेचा खेळ करायचाच नाही हा नियम पाळलेला बरा, म्हणून. कलेक्टर, बेस आणि एमिटर ओळखताना ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरावेत, म्हणजे डावीकडून तो क्रम हाच येतो.